मंदिराच्या भिंतीतला हातभर लांबीचा दगड

मित्रांनो, मी एक जुनी मोजकाठी आहे. जैतुनाच्या लाकडाची, सात मुठी लांब. आज यरुशलेमातल्या एका घरात मी दाराचा अडसर म्हणून लागते आणि दुपारी मुले माझ्याशी लढाई लढाई खेळतात. खेळू देत बापडी! पण शलमोन राजाने देवाचे मंदिर बांधायला काढले, तेव्हा माझ्या मापाशिवाय एक दगड जागचा हलत नसे.

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सहा मुठी भरतात. तो झाला बाजारातला हात. देवाच्या घराचा हात मात्र जुन्या रीतीचा, एक मूठ मोठा. त्या मापाने मला एल्नाथान पाथरवटाने घडवले. खाणीत त्याच्या हाताखाली चाळीस माणसे होती. मंदिराच्या जागी लोखंडाचा आवाज होता कामा नये, असा नियम होता. तिथे हातोडा नाही, छिन्नी नाही. दगड खाणीतच तासून, घासून पुरा करायचा आणि टेकडीवर नेऊन नुसता बसवायचा. मग माझा रुबाब काय विचारता! एल्नाथान रोज मला तेल लावून घरी खुंटीला टांगायचा. मीही थोडी शेफारले होते, खोटे कशाला बोलू?

मांडवांच्या सणाला चार दिवस उरले होते. घरोघरी फांद्यांचे मांडव उभे राहत होते. एल्नाथानच्याच घरात राहणारी त्याची सासू हमूटल हिच्या मांडवाचा एक कोपरा सारखा खाली बसत होता. तिने इकडेतिकडे पाहिले, खुंटीवरून मला उचलले आणि दिली ठोकून फांदीखाली! वरून द्राक्षांचे घड टांगले ते वेगळेच.

एल्नाथानने मला खाणीत शोधले, वाटेवर शोधले. पण राजाच्या कामाची काठी हरवली हे सांगायची त्याला लाज वाटली. घरीही तो बोलला नाही. त्याने परमुलखातल्या गबाल गावाहून आलेल्या एलिबाल कारागिराची काठी मागून घेतली. ती सहा मुठींची. एल्नाथानला ते ठाऊक होते. म्हणून आठ हातांच्या दगडावर आठ वेळा काठी ठेवून त्याने शेवटी एक मूठ वाढवली. मित्रांनो, हातामागे एक अशा वाढवायच्या होत्या आठ मुठी!

सणाच्या आदल्या दिवशी तो दगड बैलांनी वर ओढून नेला. भिंतीच्या त्या थरातला तो शेवटचा दगड. बसवला, आणि शेजारी हे एवढे भगदाड! तिथे चिपा ठोकून भागवायची सोय नव्हती. सूर्य मावळला की सण लागणार आणि काम बंद होणार. त्याआधी राजाचा मुकादम थर पाहायला येणार होता. थर अपुरा दिसला, तर एल्नाथानची रवानगी लबानोनच्या जंगलात झाडे तोडायला होणार होती. त्याच्या बायकोचे तर दिवस भरत आले होते.

"काय रे, तुमच्या देवाला आमच्या काठीचं वावडं आहे का?" एलिबालने विचारले.

"तुझी काठी बरोबर आहे रे. माझं डोकं फिरलं होतं," एल्नाथान म्हणाला आणि घराकडे धावत सुटला.

"मामी, माझी मोजकाठी पाहिलीत का?"

"ती होय? ती काय, मांडवाला लावलीय," हमूटल म्हणाली. "चांगली मजबूत आहे हो, जावईबापू."

"चार दिवस मी तिच्यासाठी दगडन् दगड उलटा केला!"

"मग तोंडाला काय कुलूप होतं? विचारलं असतं तर तेव्हाच दिली असती की!"

एल्नाथानने मला खस्सकन ओढले. अख्खा मांडव द्राक्षांसकट सासूबाईंच्या अंगावर आला. मागून काय काय ऐकू आले, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

टेकडीवर त्याने मला त्या फटीत आडवी धरली. मी अगदी नेमकी बसले. राहून गेलेल्या सात मुठी म्हणजे एक हात, ना कमी ना जास्त! तो तसाच खाणीत पळाला. एलिबालने अर्धवट तासलेला एक दगड पुढे ओढला आणि दोघे घामाघूम होऊन कामाला लागले. प्रत्येक बाजूला मला लावून पाहत होते. सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा तो छोटा दगड फटीत सरकला. मध्ये नखसुद्धा शिरेना. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

मुकादम आला. त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि त्या जागी थांबला. "सगळे दगड मोठे, हाच एवढासा कसा?"

थर पुरा होता. राजाची तशीच इच्छा आहे, असे काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. एल्नाथान म्हणाला, "काठी हरवली होती, साहेब. मी ते लपवलं आणि चुकीचं मापलं."

मुकादमाने छोट्या दगडावर थाप मारली. मग म्हणाला, "चाळीस जणांवर चूक ढकलता आली असती तुला. जा घरी, सण लागला. आणि काठी पुन्हा हरवली, तर आधी मला सांग."

पुढे मंदिर पुरे झाले. लांबलांबचे लोक गंधसरूची लाकडे आणि सोन्याचे पत्रे पाहून थक्क होत. एल्नाथान मात्र आपल्या मुलांना आधी त्या भिंतीपाशी नेई. छोट्या दगडावर बोट ठेवून म्हणे, "हा बघा. तुमचा बाप चार दिवस गप्प बसला ना, ते गप्प बसणं एवढं लांब होतं."

म्हणून सांगते मित्रांनो, आपल्या वस्तू जपा. पण एखादी हरवलीच, तर त्याच दिवशी घरात विचारा. सासूबाई रागावतील, फार तर दोन शब्द सुनावतील, पण काठी देतील.