चौथ्या भागातलं उत्तर

मी एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा चौथा भाग बोलतोय. पुस्तक म्हणाल तर मी पुस्तक नाही. बत्तीस पानं, दोन चित्रं, पुढेमागे जाहिराती आणि वर निळ्या कागदाचं पातळ वेष्टन. राणी व्हिक्टोरियाच्या काळात लंडनच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा मोठ्या कादंबऱ्या अशाच महिन्याला एक भाग करून निघत आणि वाचणारे पुढच्या एक तारखेकडे डोळे लावून बसत.

मला मात्र कुणी वाचलंच नाही. माझी पानं घडीला जोडलेली होती, सुरीने कापल्याशिवाय उघडणारी नव्हती. का कोण जाणे, ती सुरी कुणी लावली नाही. दीडशेहून अधिक वर्षं गेली. मग नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून मंजूषाने आम्हा वीस भागांचा संच घेतला, सासऱ्यांसाठी.

तिचे सासरे मनोहरराव साताऱ्यात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. २०१९च्या डिसेंबरअखेरीस ते मुलाकडे, पुष्करकडे, तीन महिन्यांसाठी आले. पहिला भाग हातात घेऊन ते बराच वेळ नुसता वास घेत बसले. "जन्मभर मुलांना संक्षिप्त आवृत्त्या शिकवल्या गं," ते म्हणाले, "हे असं कधी बघितलंच नाही."

नियम त्यांनीच घातला. महिन्याला एकच भाग, एक तारखेला. मंजूषा मोठ्याने वाचायची, ते उच्चार सुधारायचे. जाहिरातीही सोडू द्यायचे नाहीत. खोकला, कावीळ आणि उदासपणा या तिन्हींवर एकच गोळी, हे ऐकून दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

मार्चमध्ये तिसरा भाग संपला, तेव्हा गोष्टीतली नावाड्याची मुलगी तापाने फणफणली होती आणि डॉक्टर जिना चढत होते. चोवीस मार्चचं मनोहररावांचं विमान रद्द झालं, तर त्यांना बरंच वाटलं. चौथा भाग इथेच ऐकायला मिळणार होता.

दोन दिवसांनी त्यांना ताप आला. आणखी तीन दिवसांनी ॲम्ब्युलन्स. सोबत कुणालाच जाऊ दिलं नाही. पुष्कर-मंजूषालाही खोकला सुरू झाला होता.

तीस तारखेला दुपारी हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल आला. नर्सने फोन धरला होता. एकेका शब्दाला त्यांना दम लागत होता. मुलाशी बोलून झाल्यावर म्हणाले, "मंजूषाला दे."

मी टेबलावर तिच्या कोपराशीच होतो.

"त्या मुलीचं काय होतं गं? बघ ना उघडून."

"बाबा, परवा एक तारीख. नियम तुमचाच आहे."

"असू दे. सांग."

"घरी या, मग वाचू."

तिचा हात माझ्यावर होता. मला उघडलं तर ते जाणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं. हे तिने पुष्करला नंतर सांगितलं. त्यांच्यासमोर ती फक्त हसायचा प्रयत्न करत राहिली. त्यांनी मान हलवली. फोन बंद झाला.

एकतीसच्या सकाळी ते गेले.

एक तारखेला मंजूषाने भाजीच्या सुरीने माझी पानं कापली आणि पुष्करसमोर मोठ्याने वाचायला बसली. एकशे सातव्या पानावर डॉक्टर खोलीत शिरतात. एकशे आठव्यावर ताप उतरतो. मुलगी पाणी मागते, उठून बसते.

मंजूषा तिथेच थांबली. "पाच मिनिटांचं काम होतं," ती म्हणाली.

अंत्यसंस्कार त्यांनी लॅपटॉपवर पाहिले.

दोन वर्षं झाली. पाचव्यापासून विसाव्यापर्यंतची माझी भावंडं खोक्यात बंद आहेत. मी त्यांच्यावर पडून असतो. मंजूषा कधीतरी खोकं उघडते, मला हातात घेते आणि परत ठेवते.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरच्या आजारी माणसाने पुढे काय होतं असं विचारलं, तर तारीख बघू नका. सुरी सापडली नाही तर बोटाने फाडा. मी कागद आहे, मला दुखत नाही. सांगून टाका.