फळीवर लपवलेली नळी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, ही कसली म्हातारी! अंगावर एक ओरखडा नाही, प्लास्टिक अजून काचेसारखं लख्ख. तरी मी जुनी आहे. माणसं वयानं जुनी होतात. आम्ही वस्तू, आमचं काम संपलं की जुन्या होतो.

मी बाळांना दम्याचं औषध देण्याची नळी आहे. माझ्या एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकाला मऊ मास्क. मोठ्या माणसाला सांगता येतं, "दाबलं की ओढ." तान्ह्या बाळाला ते कसं कळणार? म्हणून पंपाचा फवारा आधी माझ्या पोटात थांबतो आणि बाळ आपल्या चालीनं, चिमूटचिमूट श्वासांनी तो आत घेतं. माझ्या गळ्याशी एक पातळ झडप आहे. बाळानं श्वास घेतला की ती हलते. माझी सगळी किंमत त्या झडपेत आहे.

कारखान्यात मी जन्मले, पण तो कुठला ते विचारू नका. जन्मताच मला खोक्यात कोंबलं, ते झाकण उघडलं बेळगावात, कॅम्पातल्या एका औषधाच्या दुकानात. तिथून मला रचनानं उचललं. रचनाचं माहेर बेळगावातलं आणि सासर निपाणीजवळच्या एका खेड्यातलं. तिच्या कडेवर तिची लेक ओवी होती, अजून पुरते दातही न आलेली. जरा सर्दी झाली की ओवीची छाती वाजायची. वाजायची म्हणजे, दार किलकिलं राहिलं की वारा कसा शिट्टी घालतो, तशी.

बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं म्हणून मला घेतलं होतं; ती मला घेऊन परत त्यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांनी पुन्हा सगळं खोदून विचारलं. पुन्हा पुन्हा वाजते का? झोपेत खोकते का? दूध पिताना मध्येच सोडून धापा टाकते का? घरात कुणाला दमा आहे? शेवटी त्या म्हणाल्या, "इतक्या लहान वयात आम्ही लगेच नावाचा शिक्का मारत नाही. पण लक्षणं दम्याचीच दिसतात, आणि औषध आजपासूनच द्यायचं." मग त्यांनी मला हातात घेऊन दाखवलं. पंप हलवायचा, मास्क नाकातोंडावर नीट टेकवायचा, फट ठेवायची नाही, एकदा दाबायचं आणि झडप पाच-सहा वेळा हलेपर्यंत धरून ठेवायचं. एक पंप रोजचा, छाती वाजत नसली तरी द्यायचा. दुसरा निळा, अडीअडचणीचा.

"आणि हे बघ," त्या रचनाला म्हणाल्या, "बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायला लागली, नाकपुड्या फुलल्या, पोर दूध घेईना, की निळा पंप द्यायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. शिट्टी एकदम थांबली आणि पोर मलूल पडली, तर बरी झाली असं समजू नकोस. आत वाराच जाईना झाला की शिट्टी कशानं वाजणार?"

रचनानं मान हलवली. तिनं ते नीट ऐकलं होतं, याला मी साक्षीदार आहे.

माझे सुखाचे दिवस थोडे होते, पण होते. ओवी आधी मला बघून भोकाड पसरायची. मग रचना माझा मास्क स्वतःच्या तोंडाला लावून "कोण आलं? हत्ती आला!" असं म्हणायला लागली आणि पोर हसायला लागली. तिच्या श्वासानं माझी झडप फडफडायची, तेव्हा मित्रांनो, मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. शिट्टी गेली, झोप लागायला लागली, गाल वर आले. रचना आठवड्याला मला साबणाच्या पाण्यात बुडवून काढायची आणि न पुसता आपोआप सुकू द्यायची; पुसलं की औषध माझ्याच अंगाला चिकटून बसतं.

पण पोर बरी दिसायला लागली आणि तिथंच माझं नशीब फिरलं. रचनाची सासू अक्काताई हिनं सारा जन्म तंबाखूच्या वखारीत काढलेला. तंबाखू चाळून चाळून तिच्या पदराचा रंग बदलला होता, आणि खोकला तर तिच्या बोलण्यातला स्वल्पविराम होता. बाई मनानं वाईट नव्हती. नातीला न्हाऊ घालून, निखाऱ्यावर ओवा, वावडिंग आणि लसणाच्या साली टाकून, त्या धुरावर तिला धरल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नसे. धुरी दिल्यावर पोर खोकायची. अक्काताई म्हणायची, "कफ सुटतोय बघ."

"आत्ती, धूर नको म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी," रचना म्हणायची.

"तुझ्या नवऱ्याला काय ह्या नळकांड्यावर वाढीवला व्हय? पोर बरी हाय न्हवं? मग रोज पंप कशाला? सवय लागंल. माझीबी छाती वाजती की गं, मेले काय मी?"

रचनाचा नवरा विक्रम उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. आठवडाभर तो बेळगावातच राहायचा, रविवारी घरी यायचा. दोघींची बाजू ऐकून तो म्हणायचा, "आई म्हणती तसं कर की थोडे दिवस." त्या थोड्या दिवसांना अंतच नव्हता. रोजचा पंप बंद पडला. मी खुंटीवर पिशवीत लोंबकळू लागले. एकदा अक्काताईला माझी कीव आली आणि तिनं मला पदरानं आतून-बाहेरून खसाखसा पुसलं. वखारीच्या भुकटीनं भरलेल्या पदरानं!

मग माघातली थंडी पडली. गावभर तंबाखूची काढणी सुरू होती, वाऱ्यातसुद्धा तिखट वास. त्याच दिवसांत ओवीच्या आत्याला, म्हणजे सौम्याला, बघायला चिकोडीचं स्थळ यायचं ठरलं. आधीची बोलणी फिसकटलेली होती. त्यामुळे अक्काताईचा जीव या स्थळात अडकला होता. पाहुणे यायच्या दिवशी पहाटेच घर झाडलं, झटकलं, उदबत्त्या लावल्या. त्या धुळीत आणि धुरात ओवीची शिट्टी सकाळीच सुरू झाली. रचना खुंटीकडे धावली, तर खुंटी रिकामी!

मी तेव्हा स्वयंपाकघराच्या फळीवर, पिठाच्या डब्याच्या मागं होते. निळा पंपही माझ्यापाशीच होता. अक्काताईनं तांबडं फुटायलाच आम्हांला तिथं दडवलं होतं. दोन डब्यांच्या फटीतून मला मधली खोली दिसत होती.

"आत्ती, नळी कुठाय? तिची छाती वाजतीया."

"हाय माझ्यापाशी. पाव्हणं जाऊ देत."

"अहो, आत्ताच द्यायला पायजे!"

"आवाज खाली कर. त्येनी ते नळकांडं बघितलं तर काय म्हणतील? ह्यांच्या घराण्यात दमा हाय म्हणतील. माझ्या सौम्याला कोण करून घेणार? झाकली मूठ सव्वा लाखाची असती, रचना. आन मी धुरी देते की तिला. घटकाभराचा तर प्रश्न."

रचनानं विक्रमकडे पाहिलं. विक्रम आरशासमोर भांग पाडत होता. "पाहुणे कोपऱ्यावर आलेत," तो आरशातूनच म्हणाला. "आता तमाशा नको."

मागच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा तडतडला. मी ओरडले असते, पण आम्हांला तोंड आहे ते दुसऱ्यांच्या श्वासासाठी.

पाहुणे आले. मुलगा साईराज, त्याची आई मालुबाई आणि मामा. रचनाला सौम्याबरोबर पोहे आणि चहा करायला जुंपलं. ओवी अक्काताईच्या मांडीवर. तिच्या पोटाचा भाता वरखाली होत होता, नवीन झबल्याखाली. शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती.

"बाळाला सर्दी झालीय जणू?" मालुबाईंनी विचारलं.

"दात येत्यात न्हवं," अक्काताई हसून म्हणाली.

तेवढ्यात मला एक ओळखीचा आवाज आला. साईराजनं मांडी बदलली आणि त्याच्या खिशात काहीतरी खुळखुळलं. पंपाच्या डबीचा खुळखुळ मी झोपेतही ओळखीन. त्या मुलाला दमा होता! ओवीची शिट्टी त्याला कळली नसेल तर कुणाला कळणार? त्याचा हात खिशाकडे गेला. मालुबाईंनी त्याच्याकडे न बघताच त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. हात परत आला, आणि त्यानं पोह्यांची बशी उचलली.

मित्रांनो, घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते असं. एकाच आजाराची दोन घरं समोरासमोर बसली होती, दोघांनीही आपापला दमा लपवला होता, आणि दोघांच्या मध्ये एक पोर गुदमरत होती.

सौम्यानं चहा दिला. नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, सगळं विचारून झालं. आणि मग शिट्टी थांबली.

अक्काताईचा चेहरा उजळला. "बघितलंसा?" ती मालुबाईंना म्हणाली. "धुरी म्हंजे धुरी. कशी गप झोपली बघा माझी बाय."

आत चहाची भांडी उचलणाऱ्या रचनाचे हात जागच्या जागी थांबले. डॉक्टरीणबाईंचं वाक्य तिला आठवलं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. पण तिच्या आधी बाहेर साईराज उठला. बशी त्याच्या हातातून पडली.

"काकी, ती झोपली न्हाई. तिला वाराच मिळंना झालाय. ओठ बघा तिचे!" आणि त्यानं खिशातून पंप काढला.

"साईराज!" मालुबाई किंचाळल्या. त्या क्षणीही त्यांना बाळाचे ओठ दिसले नाहीत, मुलाच्या हातातला पंप तेवढा दिसला.

पण नुसत्या पंपाचं त्या जिवाला काय? पाहिजे होते ती मी. अक्काताईची नजर घाबरून फळीकडे गेली, ती रचनानं टिपली आणि फळीवर हात मारला. डबे कोसळले, पिठाचा धुरळा उडाला, आणि पिठानं माखलेली मी तिच्या हातात आले. तिनं मला झटकलं, निळा पंप बसवला, मास्क टेकवला, दाबला. मी वाट बघितली. झडप हलली, अगदी नकळत. पुन्हा जराशी.

"निपाणीला चल!" ती विक्रमला म्हणाली. भांग पाडलेल्या विक्रमनं पाहुण्यांचीच गाडी काढली. साईराज रचनाशेजारी बसून पंप हलवून हलवून देत होता. सगळं बरोबर चाललं होतं, फट नव्हती, औषध होतं, माझ्या पोटात फवारा दाटला होता. फक्त घेणारं कुणी उरलं नव्हतं. निपाणीची घरं दिसायला लागली तेव्हा माझी झडप थांबली होती. दवाखान्यातल्या लोकांनी मला बाजूला सारून खूप खटपट केली. मी खाली पडले होते, मला पांढरे बूट दिसत होते. मग ते बूटही थांबले.

सौम्याचं लग्न जमलं असेल, असं तुम्हांला वाटतं? चिकोडीच्या मंडळींनी निरोप पाठवला की घर अपशकुनी आहे. अक्काताई अंगणात बसून सांगत राहिली, पाहुण्यांची नजर लागली माझ्या नातीला. त्या दिवसापासून तिच्या घरात धुरी पेटलेली नाही, आणि का, हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. विक्रम रविवारीही उद्यमबागेतच राहू लागला.

आणि माझे मात्र आता फार लाड होतात. रचना मला साबणाच्या पाण्यात बुडवते, न पुसता सुकवते, आणि दाराजवळच्या खुंटीला, जिथं कुणाचाही हात पोचेल आणि कुणाचंही लक्ष जाईल, अशी टांगते. पाहुणे आले तरी काढत नाही. कुणी विचारलं, "हे काय?" तर सांगते, "आमच्या ओवीला दमा होता." अक्काताई मान खाली घालते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी नळी असेल, तर तिला असंच दारात टांगा. चारचौघांत वापरा. लोक काय म्हणतील, ते म्हणू द्या; बोलायला त्यांच्याकडे भरपूर श्वास आहे. बाळाकडे नसतो.

दुपारी घरात कुणी नसलं की रचना माझा मास्क स्वतःच्या तोंडाला लावते. "कोण आलं?" असं म्हणायला जाते आणि पुढचं म्हणत नाही. तिच्या श्वासानं माझी झडप हलते. चांगली हलते. मी अजून कामाची आहे.