काचेवरची शाई

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. दादरमधल्या एका संशोधन संस्थेचं सभागृह. शाल-श्रीफळाशेजारी मला टेबलावर उभं केलेलं. मी तळव्याएवढी एक काच, पूर्वी फोटोसाठी फिल्मऐवजी वापरायचे तशी. माझ्या एका अंगावर एका ताऱ्याच्या प्रकाशाच्या रेषा उमटल्यात. दुसरं अंग आज लखलखीत आहे, आणि त्याचीच मला किळस येतेय.

१९६८ साली मालन पेडणेकर यांनी मला दुर्बिणीला लावलं. लालबागच्या गिरणी कामगाराची ही मुलगी. त्या ताऱ्यात असायला नको अशी एक रेषा तिला दिसली. माझ्या कोऱ्या अंगावर तिने काळ्या शाईने बाण काढला, तारीख घातली, खाली 'मा. पे.' लिहिलं. शोध कोणाचा, याचा पुरावा तेवढाच.

शोधनिबंध छापून आला तो विभागप्रमुख गंगाधररावांच्या एकट्याच्या नावावर. तिने विचारलं तर चहा ढवळत म्हणाले, "तुमचं आडनाव उद्या बदलेल, बाई. छापून काय उपयोग?"

आडनाव बदललं नाही. मालनबाईंनी आणखी तारे तपासले, देशभरातल्या मुलींना हे शास्त्र शिकवलं. मी कागदी पाकिटात, कपाटात पडून राहिले.

यंदा त्यांची भाची श्रेया हिने संस्थेला पत्र लिहिलं: निबंधावर आत्याचं नाव यायला हवं, काचेच्या दोन्ही बाजूंचे फोटो द्या. संचालक उन्मेषसाहेबांनी कळवलं, आधी सत्कार करू.

आज सकाळी शिपाई दौलतने दसऱ्याला यंत्रं पुसतात तशा भक्तीने मला ओल्या फडक्याने पुसलं.

सूत्रसंचालिकेने 'चूल सांभाळून आकाशाला हात लावणाऱ्या सौ. मालनताई' असं पुकारलं. बाई ब्याऐंशी वर्षांच्या, अविवाहित. साहेबांच्या पत्नीने त्यांची ओटी भरली. नारळ बाजूला ठेवून बाईंनी मला उचललं, उलटं केलं.

"शाई खंय गेली गो?" त्यांनी श्रेयाला हळूच विचारलं.

"मॅडम, काच तर तीच आहे ना?" साहेब हसले. फोटोग्राफर म्हणाला, जरा इकडे बघा.

दौलत म्हणतो, वरून सांगितलं होतं. वरचे म्हणतात, आम्ही फक्त 'नीट ठेव' म्हणालो. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

आता मी परत पाकिटात आहे. श्रेयाचं पत्र सोबत टाचलंय. मला पुन्हा पुसू नका, आता पुसण्यासारखं उरलंही नाही. ते पत्र तेवढं वाचा. त्यात एक ओळ आहे: 'मागच्या शाईला पाणी लागू देऊ नये.' तिच्याखाली लाल पेनाने रेघ मारलेली आहे.

श्रेयाने पत्र निळ्या पेनाने लिहिलं होतं.