मी वाचते, तू लिही

आर्डिस हेइकिनेनचा चष्मा पर्समध्ये होता, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

त्यांच्या काउंटीत, म्हणजे अमेरिकेतल्या एका छोट्या जिल्ह्यात, मतपेट्यांना सील लावायची एक पद्धत होती. सीलवरचा नंबर एका पक्षाच्या माणसानं मोठ्यांदा वाचायचा आणि दुसऱ्या पक्षाच्या माणसानं वहीत लिहायचा. वाचणाऱ्यानं पेनाला हात लावायचा नाही, लिहिणाऱ्यानं सीलकडे बघायचं नाही. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी कुणावर तरी संशय घेतला होता, त्याची ही शिक्षा पुढच्या सगळ्यांना. आर्डिस वाचायची, कारण तिचा आवाज खणखणीत. पस्तीस वर्षं शाळेच्या खानावळीत पोरांवर ओरडून कमावलेला आवाज होता तो. लिहायचं काम समोरच्या पक्षाच्या क्लेमेंट ट्रुडेलकडे. त्याचं अक्षर मोत्यासारखं.

मतदान संपलं, तिसऱ्या पेटीचं सील आलं आणि आर्डिसनं डोळे बारीक करून वाचलं, “सहा, शून्य, एक, तीन, तीन.” चष्मा काढायचा कंटाळा केला बाईनं. खरं सांगायचं तर कंटाळाही नव्हे, नखरा. वर्तमानपत्राचा फोटोवाला समोर उभा होता. सीलवर होतं सहा, शून्य, एक, आठ, तीन. त्यांच्या इंग्रजी आकड्यांत आठ आणि तीन म्हणजे सख्खी भावंडं, लांबून ओळखू येत नाहीत.

मतदानानंतर दुसऱ्याच दिवशी वही आणि सील जुळेना, तेव्हा आर्डिसच्या लगेच लक्षात आलं. ती बोलली नाही. त्या दिवशी लाजेनं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ रेनो, जो काउंटीत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचा प्रमुख होता, रेडिओवर म्हणाला की पेटीशी खेळ झालाय, म्हणून बोलली नाही. आणि तिसऱ्या दिवशी तर खुद्द राष्ट्राध्यक्षांनी भरसभेत त्यांच्या चिमूटभर काउंटीचं नाव घेतलं. मग काय बोलणार, कप्पाळ?

राष्ट्राध्यक्ष ह्या राज्यात नऊशे मतांनी मागे होते. राज्य गेलं की गादी गेली. त्यांनी हुकूम काढला: जिथं सील बदलल्याचं निवडणुकीच्या कामातला माणूस शपथेवर सांगेल, तिथल्या पेट्या केंद्र सरकारच्या ताब्यात घ्याव्यात आणि जबाबदार माणसावर खटला भरावा. जबाबदार माणूस म्हणजे लिहिणारा, कारण नोंद झाल्यावर पेट्या त्याच्याच ताब्यात. म्हणजे क्लेमेंट.

चौदा नोव्हेंबरला दुपारी रेनो तिला न्यायला आला. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडणार होता. एरवी आजच्या दिवशी गावात चिटपाखरू सापडत नाही, सगळे जंगलातल्या झोपड्यांवर. रेनोच्या गाडीत मात्र बंदुकीऐवजी फलक भरलेले होते.

“एक सही करायची. बास,” रेनो म्हणाला. “मग घरी जा, कॉफी पी, पाय वर करून बस.”

“आणि क्लेमेंट?”

“त्याचं तो बघेल. तुला कशाला त्याचा एवढा पुळका?”

“टोईवोच्या शवपेटीला खांदा दिला होता त्यानं.”

“दिला ना. आणि मग तू दारात आपल्या पक्षाची पाटी लावलीस तर चार वर्षं तोंड फिरवून बसला. असली माणसं आहेत ती, आर्डिस. ह्यांना दया दाखवायची म्हणजे सापाला दूध.”

ते खोटं नव्हतं. टोईवो, तिचा नवरा, आणि क्लेमेंट वीस वर्षं एकाच झोपडीवर शिकारीला जायचे. टोईवो गेला, पाठोपाठ ती पाटी लागली, आणि बोलणं बंद झालं. चार वर्षांत दोघांत एवढाच काय तो संवाद: ‘वाचते.’ ‘लिहितो.’ तिनं पाटी काढली नाही, त्यानं फोन केला नाही. दोघंही हट्टाला पेटलेली.

काउंटीच्या कचेरीबाहेर तीसेक माणसं शिकारीची भगभगीत नारिंगी जाकिटं घालून बर्फाच्या चिखलात उभी होती. सगळी तिच्या हातचं जेवलेली पोरं, आता बाप्ये झालेली. तिला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत लांब टेबलाशी वॉशिंग्टनहून आलेला सरकारी वकील स्टोव्हल बसला होता. पस्तिशीचा, गुळगुळीत, चिखलानं वाट लागलेले महागडे बूट. त्याच्यासमोर नंबरांची वही होती, आणि खिडकीखाली ती पेटी, सील तसंच. पलीकडच्या टोकाला क्लेमेंट, टोपी मांडीवर घेऊन. सोबत वकील नाही, कुणी नाही. दहा दिवसांत माणूस अर्धा झाला होता. त्याच्या गाडीवर कुणीतरी लाल रंगानं ‘चोर’ लिहिलं होतं, तिनं येताना पाहिलं होतं.

“या मॅडम,” स्टोव्हल म्हणाला. “फार वेळ घेणार नाही. इथं खाली सही.”

आर्डिसनं कागद पुढं ओढला. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. तिनं पर्स उघडली, चष्मा काढला आणि नाकावर ठेवला. क्लेमेंटनं मान वर केली, चष्म्याकडे पाहिलं आणि परत टोपीकडे पाहायला लागला.

“वाचायची तसदी कशाला,” स्टोव्हल म्हणाला. “मी सांगतो ना त्यात काय आहे ते.”

“आमच्याकडे वाचल्याशिवाय कुणी लिहीत नाही,” आर्डिस म्हणाली, आणि सवयीनं मोठ्यांदाच वाचायला लागली. “मी, आर्डिस हेइकिनेन, शपथेवर सांगते की मतदानाच्या दिवशी सीलवरचा नंबर मी स्पष्ट पाहून वाचला...”

पुढं तिला वाचवेना. एवढ्या मोठ्या कागदात सगळे शब्द सरळ होते, हा एक ‘स्पष्ट’ घशात हाडासारखा अडकला.

“काय झालं?” रेनोनं विचारलं.

“स्पष्ट असं लिहिलंय.”

“मग? तू काय आंधळी आहेस?”

आर्डिसनं कागद खाली ठेवला. भीती वाटत होती तिला, आणि ती कशाची हे तिला पुरतं ठाऊक होतं. राष्ट्राध्यक्षांची नव्हे, ते कुठं हजार मैलांवर. भीती बाहेरच्या तीस जाकिटांची, रविवारच्या चर्चमधल्या बाकाची आणि ह्या भावाची. नवरा गेल्यावर तिला एवढंच गोत उरलं होतं.

स्टोव्हल पुढं झुकला. त्याचा आवाज अगदी मऊ. “मॅडम, हा खुद्द राष्ट्राध्यक्षांचा हुकूम आहे. सही अडली तर हुकूम अडला, आणि तो कुणी अडवला हे आम्हाला लिहावं लागेल. आपण त्यांच्याच पक्षाच्या ना?”

“चाळीस वर्षं. तुम्ही जन्माला यायच्या आधीपासून.”

“यंदा मत कुणाला दिलंत?”

“त्यांनाच.”

“मग घोडं कुठं अडलंय?”

“मत दिलं,” आर्डिस म्हणाली. “डोळे नाही दिले.”

रेनो ताडकन उठला. तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर हातून झालं नसतं.

“ती पेटी इकडं आणा,” ती म्हणाली. “क्लेमेंट, वही घे.”

क्लेमेंट जागचा हलला नाही.

“घे म्हणते ना. मी वाचते, तू लिही.”

तो उठला, वही घेतली, खिशातलं पेन काढलं आणि पद्धतीप्रमाणे पेटीकडे पाठ करून बसला. आर्डिसनं चष्मा नीट केला आणि खणखणीत वाचलं, “सहा, शून्य, एक, आठ, तीन.” मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आणि आता हे. मतदानाच्या दिवशी वाचलं तसं. सहा, शून्य, एक, तीन, तीन.” खोलीत फक्त पेनाची खरखर ऐकू येत होती. “खाली लिही, वाचणारीची चूक. चष्मा लावला नव्हता. सील कुणी बदललेलं नाही. दहा दिवस माहीत असून बोलली नाही, तेही लिही.”

“ते लिहायची गरज नाही,” क्लेमेंट म्हणाला.

“तू लिहिणारा आहेस. लिही.”

त्यानं लिहिलं. तिनं चष्मा लावला, त्याचं मोत्यासारखं अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि खाली सही केली. शपथेचा कागद सहीशिवायच राहिला. स्टोव्हलनं तो बॅगेत घातला आणि फोन लावत बाहेरच्या बोळात गेला. “नाही, इथं काही मिळणार नाही,” एवढं ऐकू आलं.

रेनो दारापर्यंत गेला आणि थांबला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“थँक्सगिव्हिंगला येऊ नकोस,” तो म्हणाला. “पोरांना मी सांगेन काहीतरी.”

बावीस वर्षं सणाच्या त्या घरच्या जेवणासाठी भोपळ्याचा ‘पाय’, म्हणजे गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी, ती करून न्यायची. भोपळे आणूनसुद्धा ठेवले होते. तिनं मान हलवली आणि तो निघून गेला.

आता खोलीत दोघंच उरली. क्लेमेंटनं पेनाला टोपण लावलं.

“चष्मा पर्समध्ये होता तुझ्या,” तो म्हणाला. “मी पाहिलं होतं.”

आर्डिस त्याच्याकडे बघतच राहिली. “मग बोलला का नाहीस, बाबा? दहा दिवस चोर म्हणतायत तुला.”

“मी बोललो असतो तर ते आमच्या पक्षाचं बोलणं झालं असतं. कुणी ऐकलं असतं?”

“आणि मी बोलले नसते तर?”

क्लेमेंटनं टोपी डोक्यावर घातली आणि उगाच दोनदा सारखी केली. ती बोलेल ह्याचा त्यालाही भरवसा नव्हता.

“मागच्या दारानं जा,” तो म्हणाला. “माझी गाडी तिकडं आहे. सोडतो घरी.”

“त्या ‘चोर’ लिहिलेल्या गाडीतून?” आर्डिस म्हणाली. “आधी ते पूस. पुसून झालं की ये कॉफीला. भोपळ्याचा ‘पाय’ करते, आणि खायला कुणी नाही.”

ती पुढच्याच दारानं निघाली. रेनोनं बाहेर सांगून टाकलं होतं. टाळ्या नव्हत्या, शिव्याही नव्हत्या. माणसं बाजूला झाली आणि मधून तिला वाट दिली, कुणी हाक मारली नाही. ज्याला ती रोज दुधाचा जादा डबा द्यायची त्या पोरानं तोंड फिरवलं. आर्डिसनं चष्मा काढला नव्हता. ज्या गाडीतून ती आली होती ती रेनोची गाडी आता नव्हती, म्हणून चालतच जायचं होतं. तीसही चेहरे तिला स्पष्ट दिसत होते.