लिंपलेल्या दाराआड

फाल्गुनाचं ऊन. रक्तवर्णी पांगाऱ्याचं, धूलिधूसर पायवाटांचं, सह्याद्रीच्या कण्यावरून उतरलेलं निर्दय ऊन. त्या उन्हात गावाबाहेरचा बेहडा उभा होता, आणि त्याच्या ढोलीत, मातीनं लिंपलेल्या दाराआड, ती बसली होती. धनेशाची मादी. गावाच्या तोंडी ककणेरीण.

काळानं, त्या अनादि, अविचल, मेल्या काळानं नर-मादी दोघांत वाटणी करून ठेवलेली. त्याला आकाश, तिला अंधार. त्याला आरक्त डोळे, थोरली चोच, रानोरानीचे उंबर. तिला शुभ्र डोळे, एक अंडं, एक फट. दार लिंपून तिनं पंखांची पिसं झाडून टाकली होती. फटीतून तो भरवील, तर ती जगेल. तो नाही आला, तर पिलासकट मरेल.

आणि याला म्हणे बसून खाणं! म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नाही, दुसरं काय.

म्हणणारा होता धाकू गोताड. बायको सगुणा नुकतीच बाळंत झालेली, मागच्या काळोख्या खोलीत. उंबरठ्यावरून तिचं ताट आत सारायचं काम धाकूकडं, आणि ताट सारताना तो रोज तेच ओकायचा.

"मी उन्हात मरतोय, नि ही बसून खातेय."

त्या सकाळी त्यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली. लाकूडवाल्याचा ट्रक वाटेवर येऊन थांबला होता.

"अवो, बेहड्याला हात लावू नका," सगुणा आतून म्हणाली. "ढोलीत मादी हाय. नर फटीतनं भरवतो तिला, मी बघितलंय."

"बसून खातेस, नि वर मला शिकवतेस गो?"

गावाची रीत होती. घाव घालण्याआधी कुऱ्हाडीच्या पाठीनं खोड ठोकायचं आणि म्हणायचं, जो बसला असेल त्यानं उठावं. पाखरू उठलं की झाड मोकळं. धाकूनं खोड ठोकलं, रीतीचे शब्द म्हटले. फांदीवरला नर उठला, पंखांचा घनगंभीर घोष करत दरीपार गेला.

"झालं मोकळं," धाकू म्हणाला.

अरे करंट्या, उठायला पंख लागतात! उडणाऱ्यांनी उडणाऱ्यांसाठी केलेली ती रीत. बसलेलीला कुणी विचारलं होतं?

घाव पडला. घावावर घाव, घावावर घाव. शतवर्षांचा, शतशाखांचा बेहडा कडाडला, कलंडला, आणि ढोल उभी चिरली. उघड्या उन्हात ती आली. निराश्रित, निष्पंख, क्रुद्ध. पिलू तिच्या पायाशी पडलं होतं, आणि ते पुन्हा हललं नाही. धाकू वाकला, तशी तिनं त्याच्या हातावर चोच हाणली. रक्त आलं. तिला तिथंच टाकून तो घरी आला.

दुपारी रक्ताळल्या हातानं ताट घेऊन तो उंबरठ्याशी उभा राहिला. दार बंद होतं. आतून कडी होती.

"सगुणे, जेव."

फटीतून आवाज आला. "उठली का ती?"

धाकूनं ताट उंबरठ्यावर ठेवलं.

"मग आधी तिला भरवून या. माझ्या दाराशी नंतर या."

बाळ रडलं. कडी निघाली नाही. ताटातला भात निवत गेला.

आणि तिकडे, बेहडा जिथं नव्हता तिथं, चोचीत उंबर धरून नर घिरट्या घालत होता. दाराच्या उंचीवर येई, फट शोधी, पुन्हा वर जाई. खाली ती मान उंचावून ओरडत होती. तो खाली बघत नव्हता. तो फट शोधत होता, रिकाम्या उन्हात, फट शोधत होता.