चौदा दिवसांचा समतोल

“बाटली निवांत दिसते म्हणून समतोल आला, असं लिहायचं नाही गं. आपलं बघणं संपलं, एवढंच लिहायचं.” औषधाच्या कारखान्यातल्या थोरल्या बाई निवृत्त होताना तपासनीस बाईंना असं बजावून गेल्या होत्या.

नव्या साहेबांना एवढा दम कुठला! त्यांच्या नावामागे भौतिकशास्त्राची भली मोठी पदवी होती, आणि त्यांच्याआधी तीच बोलायची. लहान मुलांच्या तापाचं औषध चौदा दिवस कपाटात उभं राहिलं आणि साहेबांनी जाहीर करून टाकलं, समतोल! म्हणजे औषध आता तळाशी बसायचं नाही. आता फक्त तपासनीस बाईंची सही हवी होती. तिच्यावाचून एकही बाटली दाराबाहेर जात नसे.

“साहेब, आज वरचा थर केसभर निवळलाय,” बाई म्हणाल्या. “औषध तळाशी घट्ट बसलं की हलवूनही मिसळायचं नाही. लेकराला पहिल्या चमच्यात नुसतं पाणी आणि शेवटच्यात दुप्पट औषध जायचं.”

“अहो, केसभर! वेळ दिला की कण सगळ्या शक्य अवस्थांतून फिरून येतात. तोच समतोल. हे गृहीतच आहे.”

“किती वेळ दिला की?”

“पुरेसा.”

“म्हणजे किती?”

साहेबांनी चष्मा पुसला. “तसं काटेकोर बघितलं तर… विश्वाच्या वयाहूनही जास्त.”

“अगबाई! आणि आपले चौदा दिवसांत फिरून आले? भलतेच चपळ दिसतात.”

पॅकिंगवाल्या दोघींनी हसू लपवायला खोक्यांत डोकी घातली. साहेबांचे कान लाल झाले.

गृहीत म्हणजे विद्वानांचं मऊ अंथरूण, एकदा पसरलं की डोळा लागलाच. देवा, बाई मनात म्हणाल्या, ह्यांना विद्या दिलीस, लाज द्यायची तेवढी राहिली.

“थट्टा घरी. इथं सही करा,” साहेब म्हणाले.

“थर हलतोय तोवर नाही करणार. तीन महिने रोज बघेन, मग सांगेन.”

“तोवर तुमची नोकरी राहील?”

“ती तुमच्या हातात. सही माझ्या.”

“रोज म्हणे!” साहेब छद्मी हसले. “एक दिवस चुकणार नाही, असा शब्द देता?”

“दिला.”

साहेब फाईल आपटून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. सकाळी आंघोळ-पूजा उरकून बाईंनी चपला घातल्या.

“आज कुठं गं?” सासूबाईंनी आतून विचारलं.

“आलेच तासाभरात,” म्हणत त्यांनी हलक्या हाताने दार ओढून घेतलं.