घुंगरं उतरवलेला कासरा

मी एक जुना कासरा आहे. गाडीचे बैल वळवायला हातात धरतात ना, तो सुताचा दोर. पण मित्रांनो, म्हातारा म्हणून माझी कीव करू नका. सध्या मला दम खायलाही सवड नाही.

रामपायलीच्या गुणाकर आजोबांनी मला स्वतःच्या हातांनी वळलं. पोळ्याला ते मला गोंडे आणि घुंगरं बांधत. गाव बैल पाहायला जमे आणि मला वाटे, सगळे मलाच पाहायला आलेत. पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले. आजोबा बालाघाटला मुलाकडे राहायला आले, तेव्हा मलाही घेऊन आले. इथे सहा वर्षं मी खुंटीवर लटकून होतो. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग त्यांची नात ओवी हिने कुत्र्याचं पिल्लू आणलं. ढेमसाच्या फळभाजीसारखं गोल गरगरीत, म्हणून नाव ढेमसा. त्याचे दात शिवशिवत. त्याने चपला कुरतडल्या, सोफ्याचा कोपरा खाल्ला, बाजारातून आणलेलं रबरी बदक एका दुपारीत फाडलं. ओवीची आई मीनाक्षी कातावली.

"इतवारपर्यंत हा सुधरला नाही, तर लालबर्र्याले मामाकडे धाडून देईन," ती म्हणाली.

ओवी त्या दिवशी जेवली नाही. ते पाहून आजोबा उठले आणि मला खुंटीवरून काढलं. गरम पाण्यात खळखळून धुतलं, ढेमसाचं खेळणं करायला हातभर लांबीचं कापलं, दोन्ही टोकांना जाड गाठी मारल्या.

"आजोबा, घुंगरं बी बांधा ना," ओवी म्हणाली. "पोळ्याले बांधत होते तसे."

"हौ, बांधून देतो."

खरं सांगतो, मी हरखून गेलो. इतक्या वर्षांनी नटायला मिळालं होतं! ढेमसाने मला तोंडात धरून अंगणभर धूम ठोकली. मी छुमछुम वाजत होतो. तेवढ्यात तो मध्येच थांबला. एक घुंगरू तुटून त्याच्या घशाशी अडकलं होतं.

"बाबा, लवकर या. हा श्वास घेऊन नाही राह्यला," मीनाक्षी सासऱ्यांना ओरडून म्हणाली.

तिनेच धावत येऊन त्याचा जबडा उघडून धरला. घुंगरू दिसत होतं. आजोबांनी बोटाने ते अलगद बाहेर ओढलं. ढेमसा खोकला, मग मीनाक्षीचा हात चाटू लागला. ती त्याला पोटाशी धरून रडली. त्यानंतर लालबर्र्याचं नाव कुणी काढलं नाही. मला मात्र माझ्या नटण्याची फार लाज वाटली.

"बैलाचा थाट बैलाले शोभते," आजोबा घुंगरं सोडताना म्हणाले. "याले असं खेळणं पाहिजे, जे पुरं तोंडात मावणार नाही अन् त्याचा तुकडा पडणार नाही. माह्या ध्यानातच नाही आलं."

आता रोज संध्याकाळी आमची रस्सीखेच असते. एका टोकाला ओवी, दुसऱ्या टोकाला ढेमसा, मध्ये मी ताणलेला! बैलांच्या पाठीवरही इतकी मजा आली नव्हती. दर इतवारी ओवी माझ्या गाठी आणि धागे तपासते. परवा तिला एक धागा सुटलेला दिसला. तिने तो कापला आणि मला बराच वेळ हातात धरून बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला टाकू नका. मी उलट विनवतो. माझा पीळ उकलू लागला की माया न करता मला टाकून द्या. माझा धागा ढेमसाच्या पोटात जायला नको. तोवर मात्र मला खुंटीवर ठेवू नका. फाटक वाजलं, ओवी शाळेतून आली. ढेमसा मला घेऊन पळत सुटलाय!